स्ट्रेप्टोमायसिनचे गुरू-शिष्य: पार्श्वभूमी

स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयावर गुणकारी ठरलेले पहिले प्रतिजैविक. त्यावर काम केलेल्या शिष्याने, अल्बर्ट शॅट्झ याने, १९९३ मध्ये आपले गुरू सेलमन वॅक्समन यांच्याविषयी सविस्तर लिहिले. सत्तरी उलटली होती तरी त्याचा कडवटपणा ओसरलेला नव्हता. तो समजून घ्यायचा तर १९५०च्या खटल्यापर्यंत मागे जावे लागते.

मातीतल्या सूक्ष्मजीवांमधून औषध हुडकण्याची पद्धत गुरूंनी न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आधीच बसवली होती. १९४० आणि १९४२ मध्ये हाती लागलेली दोन द्रव्ये फार विषारी निघाली. ऑक्टोबर १९४३ मध्ये तेवीस वर्षांच्या पीएचडी विद्यार्थ्याला, म्हणजे या शिष्याला, औषध देणाऱ्या सूक्ष्मजीवाचे दोन वाण मिळाले: एक शेणखताच्या मातीतले, दुसरे कोंबडीच्या घशातले. क्षयाच्या जिवंत जंतूंवरचे काम तळघरात चाले आणि गुरू तिकडे फिरकत नसत, असे शिष्य सांगतो. जानेवारी १९४४च्या शोधनिबंधावर पहिले नाव त्याचेच होते. इथवर सगळे ठीक होते.

बिनसले ते पैशावरून. पेटंटवर दोघांची नावे होती आणि दोघांनीही हक्क विद्यापीठाच्या प्रतिष्ठानाला देऊन टाकले. यातून कुणीच कमावणार नाही, अशी शिष्याची समजूत होती. गुरूंना रॉयल्टीचा वाटा मिळतो हे उघड झाल्यावर मार्च १९५० मध्ये त्याने दावा ठोकला. डिसेंबरात तडजोड झाली: सहशोधक म्हणून मान्यता, ३ टक्के रॉयल्टी आणि परदेशी हक्कांपोटी १,२०,००० डॉलर. पण गुरूला कोर्टात खेचणाऱ्याला मोठ्या प्रयोगशाळांची दारे बंद झाली, ती झालीच.

एवढे होऊनही १९५२चे नोबेल एकट्या गुरूंना मिळाले. शिष्य ज्या छोट्या कृषी महाविद्यालयात शिकवत होता, त्याने निवड समितीकडे दाद मागितली. उपयोग झाला नाही. सन्मानपत्रात ‘स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाबद्दल’ असे आहे, तर समारंभातल्या भाषणात ‘त्या शोधापर्यंत नेणाऱ्या’ अभ्यासाचा गौरव आहे. हा फरक सहज झाला असेल, असे मानणे जड जाते. पद्धत गुरूंची होती, हे त्यांच्या बाजूने म्हणावेच लागेल. मात्र सहशोधक म्हणून कागदोपत्री मान्य झालेला माणूस दोनच वर्षांत वगळला गेला, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

१९९४ मध्ये त्याच विद्यापीठाने शिष्याला पदक दिले. १९४४च्या त्या निबंधावरचे दुसरे नाव एका विद्यार्थिनीचे होते. पेटंटच्या वेळी, शोधात आपला वाटा नाही, असे तिच्याकडून लिहून घेण्यात आले होते.