बाळंतिणीच्या मनाला झालेली जखम

प्रसूतिगृहातून घरी फोन येतो तो एका वाक्याचा असतो : "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत." रक्तस्राव थांबला, बाळ रडले, म्हणजे संकट टळले, असे सगळे धरून चालतात आणि शरीरापुरते ते खरेही असते. पण कोथरूडमधली एखादी बाळंतीण दीड महिन्याच्या बाळाला लस द्यायला निघते, तेव्हा ज्या रुग्णालयात तिला ऐन वेळी शस्त्रक्रियेसाठी धावपळीने आत नेले होते त्याच्यावरून जाणारा रस्ता टाळायला ती रिक्षावाल्याला सांगते, आणि घरात मायक्रोवेव्ह वाजला तरी रुग्णालयातल्या यंत्रांचा आवाज आठवून तिच्या तळहातांना घाम फुटतो. हा नाजूकपणा नव्हे. हा प्रसूतीनंतरचा आघातोत्तर तणावविकार (पीटीएसडी), म्हणजे भयंकर प्रसंग उलटून गेल्यावरही त्याची भीती मनात ठाण मांडून राहणे, असू शकतो.

जीव धोक्यात आहे असे वाटताच तणावाची संप्रेरके उसळतात. मेंदूतील भीतीचे केंद्र, अमिग्डाला, तो प्रसंग ठसठशीतपणे टिपून ठेवते. पण त्यावर स्थळकाळाची नोंद करणाऱ्या हिप्पोकॅम्पसचे काम अशा वेळी विस्कळीत होते, असे मानले जाते. म्हणूनच ती आठवण 'तेव्हा घडले' अशी न येता 'आता घडते आहे' अशी अंगावर येते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत आईला येणारे रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरते. ही लक्षणे मात्र महिना उलटला तरी जात नाहीत, आणि नैराश्याहून हा विकार वेगळा असला तरी दोन्ही एकत्रही आढळतात.

जगभरातील अभ्यास एकत्र करून 2017 साली मांडलेल्या विश्लेषणात सर्वसाधारण मातांपैकी सुमारे 4 टक्के, तर गुंतागुंतीची प्रसूती आणि तत्सम जोखीम असलेल्या गटांत सुमारे 18 टक्के स्त्रियांमध्ये हा विकार दिसला. वैद्यकीय कागदांवर 'नॉर्मल' लिहिलेल्या प्रसूतीनंतरही तो होऊ शकतो. प्रसूतिकक्षात आपल्याला काय करताहेत हे कोणी सांगितले नाही, ओरडल्यावर दटावले गेले, हात धरायला जवळचे कोणी नव्हते, या गोष्टींचा वाटा मला फार मोठा वाटतो, कारण त्या टाळता येण्याजोग्या आहेत.

शेकशेगडी, डिंकाचे लाडू, मालिश यांत आपल्याकडे काही कमी पडत नाही, पण तिने विषय काढला की "बाळ धडधाकट आहे ना, मग झालं तर!" असे म्हणून तिला गप्प केले जाते. आघातावर केंद्रित मानसोपचारांनी हा विकार बरा होऊ शकतो. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते, आणि हा फोन नवऱ्याने किंवा आईनेही लावला तरी चालतो.