थुंकलेला चमचा

दारूच्या बाटलीवरचा ‘४२.८ टक्के’ हा आकडा आपल्याकडे अनेकांच्या ओळखीचा आहे. जवळपास तेवढंच अल्कोहोल एचआयव्ही असलेल्या लहान मुलांच्या एका सिरपमध्ये वर्षानुवर्षं होतं. लोपिनावीर आणि रिटोनावीर ही त्यातली दोन औषधं पाण्यात धड विरघळत नाहीत, म्हणून हा उपाय. वर कारलं परवडलं असा कडवटपणा, आणि बाटली थंडाव्यात ठेवायची. दिवसातून दोनदा पाजायचं. मूल तोंड घट्ट मिटून घ्यायचं, बळजबरीनं पाजलं तर ओकायचं. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर, उरलेलं औषध मोजलं की हिशेब जुळायचा नाही, आणि बोलणी बसायची आईला, नाहीतर आजीला.

हिशेब एवढा काटेकोर का, ते विषाणूच्या स्वभावात आहे. उपचार नसतील तर शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. प्रत्येकाच्या जनुकीय मजकुरात साडेनऊ हजारांहून अधिक अक्षरं, आणि ती उतरवून घेणारं विकर (एन्झाइम) भलतंच निष्काळजी. मुद्रितशोधन त्याच्या गावीही नाही. त्यामुळे एखाद्या औषधाला दाद न देणारा विषाणू चुकून जन्माला येतोच. तीन औषधं एकदम देतात ती यासाठी, कारण तिघांनाही एकाच वेळी चकवणारा विषाणू निघणं जवळजवळ अशक्य.

डोस चुकत राहिले की ही तटबंदी ढासळते. औषधं रक्तातून एकाच वेगानं ओसरत नाहीत. बाकीची दोन लवकर संपतात आणि नेविरापीनसारखं औषध काही दिवस एकटंच रेंगाळतं. त्याला हरवायला विषाणूला एका अक्षराची चूक पुरते. म्हणजे औषध अजिबात नसण्यापेक्षा अर्धवट असणं, विषाणू औषधाला दाद न देणारा होण्याच्या दृष्टीनं, जास्त घातक.

मुलांच्या बाबतीत आणखी एक मेख असते. ती वाढतात. वजन वाढलं आणि डोस तोच राहिला, तर एकही वेळ न चुकवता औषध कमी पडतं. इथे दोष ना मुलाचा ना आईचा.

सिरपला पर्याय म्हणून मुंबईच्या सिप्ला कंपनीनं त्याच औषधांचे बारीक दाणे काढले. २०१५मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं त्यांना तात्पुरती मान्यता दिली. कॅप्सूल उघडून दाणे मऊ खाण्यावर पसरायचे. फ्रीजची कटकट मिटली, पण दाणे तोंडात रेंगाळले की पुन्हा कडू! खरा फरक पडला तो डोल्युटेग्राविर या दुसऱ्या औषधामुळे. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये याच्या १० मिलिग्रॅमच्या, पाण्यात विरघळणाऱ्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या गोळीला तशीच मान्यता मिळाली. या औषधावर मात करणं विषाणूला पुष्कळ अवघड जातं, त्यामुळे एखाददुसरी चूक निभावते. आफ्रिका, थायलंड आणि युरोपातल्या ७०० हून अधिक मुलांच्या ‘ओडिसी’ चाचणीत ९६ आठवड्यांत उपचार फसण्याचं प्रमाण डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांत सुमारे १४ टक्के होतं, इतर औषधं घेणाऱ्यांत २२.

चवीचा प्रश्न असा बराचसा सुटतो. घरातल्या गुपिताला मात्र स्ट्रॉबेरी चालत नाही. ‘हे टॉनिक आहे’, ‘तुझं रक्त कमी आहे’, असं सांगून काही वर्षं निघतात. मग दहा-अकराव्या वर्षी पोर विचारतं, मला काही झालेलं नाही तर रोज गोळी कशाला? जागतिक आरोग्य संघटनेनं २०११मध्येच सुचवलं, की मुलाला झेपेल तसं थोडं थोडं सांगत बाराव्या वर्षापर्यंत पूर्ण कल्पना द्यावी. सांगणं जड जातं, कारण बहुतेक वेळा त्यासोबत आईला स्वतःचंही सांगावं लागतं.

कळलं म्हणून प्रश्न संपत नाही. वसतिगृहात डबी कुठे लपवायची? झिम्बाब्वेत २००४पासून ‘झ्वांदिरी’ नावाचं काम चालू आहे; शोना भाषेत अर्थ ‘मी आहे तसा’. तिथे एचआयव्हीसह जगणारी तरुण मुलं-मुलीच किशोरवयीनांच्या घरी जातात, बोलतात, आठवण करतात. मला हे डॉक्टरांच्या दटावणीपेक्षा कितीतरी शहाणपणाचं वाटतं, आणि आकडेही तसंच सांगतात. बिंदुरा आणि शामवा जिल्ह्यांतल्या चाचणीत विषाणू आटोक्याबाहेर गेलेल्या किंवा दगावलेल्या मुलांचं प्रमाण नेहमीच्या सेवेत ३६ टक्के होतं, या सोबतीमुळे २५. तरीही चारांतलं एक मूल हातातून निसटलंच. ती चाचणी मात्र बहुतांशी जुन्या औषधांवर झाली. डोल्युटेग्राविर तिथे पोहोचायचं होतं.