वर्तुळ मोठं म्हणून तुळस अँटिबायोटिकच्या तोडीची ठरत नाही

फोटोत दिसतं ते असं: पेट्री डिशमध्ये (प्रयोगशाळेतली उथळ बशी) जिवाणूंची साय पसरलेली, मधे तुळशीच्या अर्काभोवती स्वच्छ वर्तुळ, म्हणजे जिथे जिवाणू वाढलेच नाहीत ती जागा, शेजारी जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या चकतीभोवती तेवढंच वर्तुळ. ‘म्हणजे दोन्ही सारखेच!’ हा निष्कर्ष वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

आधी मात्रा बघा. जेंटामायसिनच्या प्रमाणित चकतीत औषध असतं 10 मायक्रोग्रॅम. अर्क मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असा दाट केला आणि अगारमधल्या (ज्यावर जिवाणू वाढवतात त्या जेलीतल्या) खळग्यात 100 मायक्रोलिटर ओतला, तर तिथे 10 मिलिग्रॅम पडतात. म्हणजे हजारपट!

शिवाय वर्तुळाचा आकार रेणू अगारमधून किती पसरतो यावरही ठरतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे त्याचं वर्तुळ लहान दिसू शकतं. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर जिवाणू त्या अल्कोहोलनेच मेले असतील. म्हणून नुसत्या अल्कोहोलचा खळगा शेजारी हवाच. तो फोटोत नसेल तर मी त्या फोटोवर विश्वास ठेवत नाही.

खरी तुलना करायची तर जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा मोजावी लागते. त्यानंतरही पोटातून रक्तात किती पोहोचतं, हा प्रश्न उरतोच. न्यूमोनियाच्या रुग्णाचं अँटिबायोटिक काढ्यासाठी थांबवू नका.