पार्श्वभूमी : 'किर्लोस्कर' एक, कंपन्या अनेक

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात विहिरीवरच्या जुन्या पंपसेटला नुसते 'किर्लोस्कर' म्हणण्याची रीत आहे. इंजिनालाही तेच नाव आणि पंपालाही तेच. मात्र एकाच लोखंडी बैठकीवर जोडलेल्या या दोन यंत्रांच्या नामपट्ट्या वाकून वाचल्या, तर इंजिनावर 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स' आणि पंपावर 'किर्लोस्कर ब्रदर्स' अशी दोन वेगळी नावे सापडू शकतात. या दोन स्वतंत्र कंपन्या आहेत. त्यांचे संचालक मंडळ, भागधारक आणि ताळेबंद वेगवेगळे आहेत, आणि एकीच्या मालाची हमी दुसरीवर बंधनकारक नाही. हे नाव इतक्या कंपन्यांच्या पाटीवर कसे गेले, हे कळण्यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव त्या दोघा भावांचे. त्याआधीच हे आडनाव महाराष्ट्राला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटक मंडळीमुळे ठाऊक होते, आणि त्या काळी 'कंपनी' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे नाटक कंपनीच येई, हा भाग निराळा. दुकानाचा कारखाना झाला आणि तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळचे सुमारे 32 एकर निवडुंगाचे माळरान दिले. 1910 मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली.

औंध संस्थान विलीन झाल्यावर किर्लोस्करवाडी सातारा जिल्ह्यात आली आणि 1949 मध्ये त्या जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. सारख्या नावांचा घोळ कंपन्यांपुरताच नव्हता, असे यावरून म्हणता येईल. दक्षिण साताऱ्याला 'सांगली' हे नाव मिळायला 1960 चा नोव्हेंबर उजाडला.

नाव पसरण्यामागे तेव्हाची व्यवसायाची रीत होती. नवे उत्पादन हाती घेतले की जुन्या कंपनीतच नवा विभाग उघडण्याऐवजी वेगळे भागभांडवल उभारून वेगळी कंपनी काढली जाई. कारभार पुष्कळदा एकाच मॅनेजिंग एजन्सीकडे, म्हणजे कराराने इतर कंपन्या चालवणाऱ्या संस्थेकडे, असे आणि भाग (शेअर) विकले जात ते आडनावावरील विश्वासावर. अशा रीतीने यंत्र-हत्यारांसाठी (धातू कापणाऱ्या व घडवणाऱ्या यंत्रांसाठी) कर्नाटकातील हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली. 1946 मध्ये डिझेल इंजिनांसाठी पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि यंत्रे फिरवणाऱ्या विजेच्या मोटरसाठी बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक निघाली, आणि 1958 मध्ये कॉम्प्रेसरसाठी किर्लोस्कर न्यूमॅटिक. 1962 मध्ये अमेरिकी भागीदाराबरोबर किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली. मॅनेजिंग एजन्सीची पद्धत कायद्याने एप्रिल 1970 मध्ये बंद झाली, पण नावे राहिली. एका छपराखालचा कारभार संपल्यावर उरली ती पाटीवरची समानता, आणि आजच्या बहुतेक गोंधळाचे मूळ माझ्या मते इथेच आहे.

या नावांचा पुढचा प्रवास सारखा झाला नाही. म्हैसूर किर्लोस्कर बंद पडली. किर्लोस्कर कमिन्समधून किर्लोस्कर बाहेर पडले आणि तीच कंपनी आज कमिन्स इंडिया म्हणून ओळखली जाते. उलट 1997 मध्ये स्थापन झालेल्या टोयोटा किर्लोस्कर मोटरमध्ये टोयोटाचा वाटा 89 टक्के आहे आणि उरलेला किर्लोस्कर सिस्टिम्सचा. टोयोटाच्या मोटारगाड्यांचा खप वाढला म्हणून किर्लोस्कर ब्रदर्सचे भाग घेण्यात त्यामुळे काही अर्थ नाही. तिथला नफा किर्लोस्कर ब्रदर्सच्या खात्यात येत नाही.

सर्वांत गुंतागुंतीचा फेरबदल 2010 चा आहे. तोवरच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने आपला इंजिनांचा व्यवसाय 2009 मध्ये नोंदवलेल्या किर्लोस्कर इंजिन्स इंडिया या नव्या कंपनीकडे सोपवला. त्यानंतर जुन्या कंपनीने किर्लोस्कर इंडस्ट्रीज हे नाव घेतले आणि नव्या कंपनीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हे जुने नाव मिळाले. म्हणजे कारखाना, माल आणि नाव यांची परंपरा 1946 पासूनची, पण ते नाव आज धारण करणारी कायदेशीर व्यक्ती, म्हणजे नोंदलेली कंपनी, 2009 ची आहे. 2010 च्या आधीच्या आणि नंतरच्या कागदांवर एकच नाव दिसते म्हणून कंपनीही एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

आडनाव कोणी वापरावे, या प्रश्नावर न्यायालयाचा स्पष्ट निवाडा आहे. समूहाची व्यापारचिन्हे (ट्रेडमार्क) किर्लोस्कर प्रोप्रायटरी या कंपनीकडे आहेत. समूहाबाहेरच्या एका उद्योगाने 'किर्लोस्कर डिझेल रिकॉन' असे नाव घेतले, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. आपल्या आडनावाने प्रामाणिकपणे व्यवसाय करण्याची मुभा व्यापारचिन्ह कायद्यात आहे, असा बचाव तेथे मांडला गेला. 1990 च्या दशकाच्या मध्यास न्यायालयाने तो फेटाळला. माणसाला आडनाव जन्माने मिळते, कंपनी मात्र आपले नाव निवडते, म्हणून ती मुभा कंपनीला लागू होत नाही, असा त्या निवाड्याचा रोख आहे.

समूहाच्या आतील वाद याहून अवघड निघाला. 2009 मध्ये कुटुंबाच्या शाखांमध्ये समझोत्याचा करार झाला. 2017 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने अहमदाबादच्या ला-गज्जर मशिनरीज या पंप बनवणाऱ्या कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला. यामुळे करारातील परस्परांशी स्पर्धा न करण्याच्या अटीचा भंग झाला, असे किर्लोस्कर ब्रदर्सच्या बाजूने मांडले गेले, तर दुसऱ्या बाजूने ते नाकारले. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. ग्राहकाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट इतकीच, की 'इंजिन एकाचे, पंप दुसऱ्याचा' ही जुनी ढोबळ खूण आता पुरत नाही. पंप आज दोन्ही घरांत आहेत.

साताऱ्यात कूपर या नावाची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झालेले धनजीशा कूपर हे साताऱ्याचे उद्योजक. त्यांच्या उद्योगातून वाढलेली कूपर इंजिनिअरिंग पुढे वालचंद समूहाकडे गेली आणि सातारा जिल्ह्यातील सातारा रोड येथील ओतकाम कारखान्यावर वालचंदनगर इंडस्ट्रीजची पाटी लागली. सातारा शहरातील कूपर कॉर्पोरेशन मात्र कूपर कुटुंबाकडेच राहिले. किर्लोस्करांच्या बाबतीत एक कुटुंब अनेक कंपन्यांत विभागले गेले, तर इथे आडनाव मालकीपासून सुटले आणि कारखाना पुढे चालत राहिला.

नोंदणीचा कायदा या प्रश्नाकडे फार मर्यादित नजरेने पाहतो. अस्तित्वात असलेल्या कंपनीशी जुळणारे किंवा फार जवळ जाणारे नाव देऊ नये, हे तत्त्व 1913 च्या कंपनी कायद्यातही होते, आणि 2013 च्या कायद्यात ते कलम 4 मध्ये आहे. नोंदणीनंतर साम्य लक्षात आले तर कलम 16 प्रमाणे नाव बदलण्याचा आदेश मिळू शकतो, मात्र व्यापारचिन्हाच्या मालकाने त्यासाठी तीन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. एकाच घराण्याच्या संमतीने घेतलेल्या नावांना ही चाळणी अडवत नाही. शिवाय सहकारी संस्थांची नोंद निराळ्या कायद्याखाली आणि निराळ्या निबंधकाकडे होते. त्यामुळे 1916 ची सांगली बँक, सांगली अर्बन सहकारी बँक आणि जिल्हा मध्यवर्ती बँक या तिन्ही शेजारी नांदल्या, आणि 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली ती यांतली फक्त पहिली.

वेगळेपण पक्के करणारी खूण म्हणजे 21 अक्षरांचा कंपनी ओळख क्रमांक. पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगते. मधले चार आकडे नोंदणीचे वर्ष असतात आणि शेवटचे सहा नोंदणी क्रमांक. किर्लोस्कर ब्रदर्सच्या क्रमांकात 1920 दिसते, ऑइल इंजिन्सच्या क्रमांकात 2009. कलम 12 प्रमाणे हा क्रमांक बिलावर आणि पत्रशीर्षावर छापणे सक्तीचे आहे, आणि नाव बदलले असल्यास पुढची दोन वर्षे जुने नावही सोबत द्यावे लागते. घरातल्या ट्रंकेत 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स'चे 2010 पूर्वीचे भागपत्र सापडले, तर त्या वारसाने आधी चौकशी करावी ती आजच्या किर्लोस्कर इंडस्ट्रीजकडे, आणि मग व्यवसायाच्या विभाजनात मिळालेल्या भागांसाठी आजच्या ऑइल इंजिन्सकडे.