सभेआधीचे ते वाक्य: ऑस्ट्रेलियातील एका प्रथेची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात सभा, पदवीदान समारंभ किंवा मोठा सामना सुरू होण्यापूर्वी, आणि पुष्कळदा विमान उतरतानासुद्धा, एक ठरावीक वाक्य कानी पडते: ही भूमी अमुक लोकांची आहे, ते तिचे परंपरागत राखणदार आहेत आणि त्यांच्या पूर्वीच्या व आजच्या ज्येष्ठांना आम्ही आदरपूर्वक वंदन करतो. नव्याने तिथे गेलेल्या मराठी माणसाला ते ईशस्तवनासारखे वाटते. या वाक्याला ‘ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’ म्हणतात आणि ते कोणीही म्हणू शकतो. ‘वेलकम टू कंट्री’ हे स्वागत मात्र ज्यांची ती भूमी, त्यांनीच करायचे असते. इथे ‘कंट्री’ म्हणजे देश नव्हे, तर जमीन, पाणी, पूर्वज आणि त्यांच्याविषयीची जबाबदारी हे सारे एकत्र.

स्वागताचे मूळ जुने आहे. दुसऱ्या समूहाच्या मुलखात परवानगीवाचून पाऊल टाकायचे नाही, शिवेवर थांबायचे, असा आदिवासी समाजांचा दंडक होता. आजच्या मेलबर्नच्या परिसरातील कुलिन लोक पाहुण्याला झाडाची पाने आणि पाणी देऊन तात्पुरता वावर मान्य करीत. या विधीला ‘टँडरम’ म्हणतात. १८३५ मध्ये जॉन बॅटमन या गोऱ्या वसाहतकाराने ब्लँकेट, सुऱ्या, आरसे, पीठ अशा वस्तू देऊन इथली सुमारे सहा लाख एकर जमीन ‘करारा’ने घेतल्याचा दावा केला. समोरच्या ज्येष्ठांनी तो प्रसंग टँडरमच मानला असावा, असे काही इतिहासकारांचे मत आहे. न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर बर्क यांनी त्याच वर्षी हा करार रद्द ठरवला, पण आदिवासींची फसवणूक झाली म्हणून नव्हे; जमीन ब्रिटिश राजसत्तेची असल्याने ती विकण्याचा अधिकार त्यांना नाहीच, हे त्यामागचे कारण होते. १७८८ पासूनची सारी वसाहत याच समजुतीवर उभी होती, आणि तिलाच पुढे ‘टेरा नलियस’, म्हणजे कोणाचीही नसलेली भूमी, हे नाव चिकटले.

ती समजूत मोडायला दीड शतकाहून अधिक काळ लागला. १९६३ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातील यिरकाला येथील योलंगू आदिवासींनी खाणकामाविरुद्धचा अर्ज झाडाच्या सालीवर चिकटवून, भोवती आपली चित्रे रंगवून संसदेला पाठवला. १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगिआरी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी आदिवासी कामगारांनी वेव्ह हिलच्या गुरांच्या मळ्यावरचे काम सोडले. ती मजुरीची वाटणारी लढाई जमिनीची ठरली आणि १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांनी लिंगिआरींच्या ओंजळीत मूठभर माती ओतली.

आधुनिक स्वागतविधीची जी हकीकत नेहमी सांगितली जाते, ती पुढच्याच वर्षीची, १९७६ मधली. पर्थ येथे आलेल्या पॉलिनेशियन नर्तकांनी स्थानिकांच्या स्वागताशिवाय कला सादर करणे योग्य नाही, असे म्हटले, तेव्हा रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो या आदिवासी कलावंतांनी ते स्वागत उभे केले. प्रथा कार्यालयांत आणि शाळांत रुजली ती मात्र ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ३ जून १९९२ च्या माबो निकालानंतर. त्या निकालाने टेरा नलियसची कल्पना नाकारली आणि मूळ रहिवाशांचा भूमिहक्क मान्य केला. खटल्याला ज्यांचे नाव आहे ते एडी माबो त्याआधी काही महिने वारले होते. संसदेत पहिले स्वागत १२ फेब्रुवारी २००८ रोजी आदिवासी ज्येष्ठ मटिल्डा हाऊस यांनी केले, आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान केविन रड यांनी ‘चोरलेल्या पिढ्यां’ची, म्हणजे सरकारने कुटुंबांपासून तोडलेल्या आदिवासी मुलांची, माफी मागितली. २०१० पासून हे वाक्य संसदेच्या रोजच्या कामकाजाचाच भाग आहे.

आज त्यावर दोन्हीकडून टीका होते. काहींना ते अतिरेकी वाटते. काही आदिवासींना फुकटचे वाटते, कारण ते उच्चारल्याने एक एकरही परत मिळत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. संविधानात आदिवासींचा ‘आवाज’, म्हणजे संसदेला सल्ला देणारे त्यांचे मंडळ, नोंदवण्याचा प्रस्ताव ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सुमारे ६० टक्क्यांनी फेटाळला गेला, आणि २०२५ च्या अँझॅक दिनी, म्हणजे सैनिकांच्या स्मृतिदिनी, मेलबर्नच्या पहाटेच्या मानवंदनेत स्वागत चालू असताना काहींनी हुर्यो उडवली. त्याच वर्षाच्या अखेरीस मेलबर्न ज्यात आहे त्या व्हिक्टोरिया राज्याच्या विधिमंडळाने आदिवासींबरोबरच्या कराराचा कायदा मंजूर केला.