शेतातला मुरूम उचलायचाय? आधी परवाना, मग ट्रॅक्टर

जमीन बापजाद्यांची, सातबाऱ्यावर नाव आपलं, टेकाड काढलं तर रानही सपाट होतंय. मग त्यातला मुरूम घराच्या जोत्यात टाकायला परवानगी कशाला? हा प्रश्न बहुतेकांना पडतो तो ट्रॅक्टर अडवल्यावर. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 48 प्रमाणे जमीन देताना वेगळं काही लिहून दिलेलं नसेल, तर तिच्यातली खनिजं राज्य शासनाची. मुरूम, दगड, वाळू ही ‘गौण’ खनिजं. गौण फक्त नावाला, दंडात गौण काही नाही.

याच कलमात विनापरवाना उत्खननाच्या जागांची यादी आहे आणि तीत शेताच्या बांधाचाही उल्लेख आहे, बांधाची दुरुस्ती किंवा बांधकाम अशी सबब सांगितली तरीसुद्धा. म्हणजे ‘साहेब, बांध नीट करत होतो’ हे उत्तर कायदा लिहिणाऱ्यांनी आधीच ऐकलेलं दिसतं.

आधी पैसे किंवा मंजुरी कुठे लागत नाही ते बघू, कारण घाबरून नको तिथे पैसे भरणारेही असतात. प्लॉटवर पाया खणला आणि निघालेली माती त्याच प्लॉटवर भरावाला वापरली, तर त्यावर स्वामित्वधन, म्हणजे खनिजासाठी शासनाला भरायची रक्कम, लागत नाही. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये हा मुद्दा तपासला. केंद्राच्या 3 फेब्रुवारी 2000 च्या अधिसूचनेने साधी माती गौण खनिज ठरते ती भराव, रस्ता, रेल्वे, इमारत अशा ठरावीक वापरासाठी. नुसती खणली म्हणून नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे राज्याच्या नियमांतही त्याच प्लॉटवरच्या वापराला सूट आली. तीच माती ट्रॉलीत भरून दुसऱ्याच्या प्लॉटवर गेली, की सूट संपली. धरणातला गाळ शेतात पसरण्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकऱ्याला स्वामित्वधन माफ आहे. कुंभार समाजाला विटांसाठी 500 ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मातीवर माफी आहे, पण माफी म्हणजे अर्जातून सुटका नव्हे. अर्ज आणि जातीचा दाखला द्यावाच लागतो. सिंचनाची किंवा पिण्याच्या पाण्याची विहीर खणायला आणि पुराने शेतात आणून टाकलेली वाळू काढायला केंद्राच्या 2016 च्या अधिसूचनेने पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. ती सूट पर्यावरण मंजुरीपुरतीच. वाळू शेताबाहेर न्यायची तर महसूलचा परवाना लागतोच.

बाकी सगळ्यांसाठी महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, 2013. त्यात दोन वाटा: वर्षानुवर्षे खाण चालवायची असेल तर खाणपट्टा, आणि एका कामापुरता माल हवा असेल तर अल्पमुदतीचा परवाना. खाणपट्ट्याला खाणकाम आराखडा आणि पर्यावरण मंजुरी लागते, तो वेगळाच पसारा आहे. शेतकऱ्याचा किंवा घर बांधणाऱ्याचा संबंध येतो तो दुसऱ्या वाटेशी, म्हणून इथे तेवढीच.

अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा. नोंदणी आणि वाहतूक पास ‘महाखनिज’ या ऑनलाइन प्रणालीतून होतात. माल जास्त असला तर प्रकरण प्रांत (उपजिल्हाधिकारी दर्जाचे उपविभागीय अधिकारी) किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे वर जातं. सोबत ताजा सातबारा, आठ-अ, ओळखपत्र आणि गटाचा नकाशा जोडा. नकाशावर नेमका कुठला तुकडा खणणार ते चतुःसीमेसह दाखवा. माल कशासाठी, हेही कागदाने दाखवावं लागतं: घराचा बांधकाम परवाना किंवा कामाचा कार्यादेश. सातबाऱ्यावर चार भाऊ असतील तर चौघांचं संमतीपत्र हवं. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त अर्ज इथेच लटकतात. पुण्याला असलेल्या भावाची सही यायला दोन महिने, तोवर पाऊस तोंडावर. इतर हक्काचा रकानाही अर्ज देण्याआधी वाचा. जमीन भोगवटादार वर्ग 2 (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल, वन म्हणून नोंद असेल किंवा गायरान असेल, तर साध्या अर्जाने भागत नाही.

मग तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि मंडळ अधिकारी जागा पाहतात आणि पंचनामा करून अहवाल देतात. त्या दिवशी स्वतः हजर राहा. आधीचा जुना खड्डा असेल तर तो पंचनाम्यात लिहून घ्या, मापासकट. नाहीतर नंतर मोजणी झाली की जुना खड्डाही तुमच्याच नावावर चढतो.

पैशांचा हिशोब ब्रासवर. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास माल बसतो. 1 जुलै 2021 पासून स्वामित्वधन ब्रासला 400 वरून 600 रुपये झालं. त्यावर 10 टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे, म्हणजे खाणकामाची झळ बसलेल्या भागांसाठीच्या निधीचे. 40 ब्रास मुरूम घ्यायचा तर 24,000 अधिक 2,400, आणि अर्जाची फी वेगळी. चलन काढण्याआधी चालू दर कार्यालयात विचारून घ्या.

परवान्याच्या आदेशात तीन गोष्टी असतात: गट क्रमांक, ब्रास आणि मुदत. तिन्हीपैकी एक जरी ओलांडली तरी ते उत्खनन विनापरवानाच. रस्त्यावर गाडी अडवली तर आदेशाची झेरॉक्स दाखवून भागत नाही, त्या खेपेचा वाहतूक पास लागतो. प्रत्येक खेपेला नवा पास, त्यावर गाडीचा नंबर आणि वेळ. सकाळच्या पासावर दुपारची दुसरी खेप मारण्याची हौस महागात पडते.

किती महाग? खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. शिवाय वाहनाचा वेगळा: ट्रॅक्टरला 1 लाख, एक्सकॅव्हेटरला साडेसात लाख. 600 रुपयांचं स्वामित्वधन चुकवलं आणि लाखाचा दंड! जप्त झालेलं वाहन सोडवायला दंड भरून वर जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) द्यावा लागतो आणि तो आदेश उपजिल्हाधिकारी दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला देता येत नाही. म्हणून तहसीलच्या आवारात ट्रॅक्टर उभा असला तरी चकरा प्रांत कार्यालयाच्या होतात. ट्रॅक्टर भाड्याने लावणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं: शेत ज्याचं असेल त्याचं, अडकते ती गाडी तुमची. पास हातात पडल्याशिवाय चावी फिरवू नका.

दंडाचा आदेश चुकीचा वाटला, समजा जुन्या खड्ड्याचे ब्रास तुमच्या माथी मारले, तर अपील करता येतं. तहसीलदारांच्या आदेशाविरुद्ध ते जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 247 खाली प्रांताकडे, 60 दिवसांच्या आत. अपिलाला आदेशाची प्रमाणित नक्कल आणि पंचनाम्याची प्रत लागते. नकलेचा अर्ज आदेश मिळाला त्याच दिवशी टाका आणि पोच घेऊन ठेवा.