पुलावरची बाई आधी कोण होती?

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये डच चित्रकार जॉर्ज हेन्ड्रिक ब्राइटनरचं १८९८ सालचं एक तैलचित्र आहे. मीटरभर उंच, दीडेक मीटर रुंद. सिंगेल कालव्यावरचा पालाइसस्ट्राट या रस्त्याजवळचा पूल, त्यावरची वर्दळ आणि अगदी पुढ्यात एक बाई. डोक्यावर हॅट, चेहऱ्यावर जाळी, खांद्यावर फर. ती थेट आपल्याच दिशेनं येते आहे आणि चित्राची खालची कड तिला मध्येच कापते. आणखी एक पाऊल टाकलं, तर आपल्याला धक्का लागेल असं वाटतं.

या जागी आधी एक मोलकरीण होती. ती लोकांना रुचली नाही. मग चित्रविक्रेत्याच्या सल्ल्यावरून ब्राइटनरनं तिच्यावर रंग चढवला आणि तिची श्रीमंताघरची बाई झाली.

हे मला लागतं, कारण माणूस कोण होता ते पाहा. १८५७ मध्ये रॉटरडॅमला जन्मलेल्या ब्राइटनरनं १८८२ मध्ये आपल्या आश्रयदात्या धान्य व्यापाऱ्याला पत्र लिहिलं होतं: रस्त्यावरची माणसं, त्यांनी बांधलेली घरं, हेच मी रंगवणार, मला लोकांचा चित्रकार व्हायचंय. त्याच वर्षी हेगच्या गरीब वस्त्यांमधून तो व्हॅन गॉगबरोबर रेखाटनं करत हिंडत होता.

१८८६ मध्ये तो ॲमस्टरडॅमला आला, तेव्हा शहर झपाट्यानं वाढत होतं. उत्तर समुद्राकडे जाणारा नवा कालवा १८७६ मध्ये खुला झाल्यानं बंदरात पुन्हा जीव आला होता. १८८९ मध्ये मध्यवर्ती रेल्वे स्थानक उघडलं. शतक संपताना वस्ती पाच लाखांवर गेली. तिथली जमीन भुसभुशीत, म्हणून घर उभारायचं तर आधी लाकडी खांब खोल ठोकावे लागत. ती चिखलातली बांधकामं, घोड्यांच्या ट्राम, ओझं ओढणारे घोडे ब्राइटनरनं भरभरून रंगवले. ढगाळ, ओलसर दिवसाला डच लोक अजूनही ‘ब्राइटनरची हवा’ म्हणतात.

१८८९च्या सुमारास त्याच्या हाती कॅमेरा आला. पुलावरच्या बाईचं असं मध्येच कापलं जाणं, अंगावर येणं, ही नजर फोटोंतूनच आलेली. १९२३ मध्ये तो वारला, तरी त्याच्या फोटोंचा मोठा साठा १९६१ पर्यंत जगाला ठाऊक नव्हता. त्या फोटोंमध्ये पांढऱ्या ॲप्रनमधल्या मोलकरणी रस्त्यानं चाललेल्या दिसतात. त्यांच्यावर कुणी रंग चढवलेला नाही.